संग्रहालयातील वस्त्र आणि त्याचा अर्थ

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात डिसेंबर १९८३ मध्ये इव्ह सँ लोराँ या फ्रेंच वेशरचनाकाराच्या पंचवीस वर्षांच्या कार्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. हयात वेशरचनाकाराच्या समग्र कार्याला त्या संग्रहालयाने स्वतंत्र प्रदर्शनाचा मान देण्याचा तो पहिलाच प्रसंग होय. चालू व्यवसायाची ही जाहिरात आहे, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. तेथे असा मान पुन्हा एका हयात व्यक्तीस मिळाला तो २०१७ साली, रेई कावाकुबो यांना. आक्षेप व्यवहाराचा असला तरी त्याच्या मुळाशी अर्थाचा प्रश्न आहे. पेठेतून संग्रहालयात आलेल्या वस्त्राचा अर्थ कशाने ठरतो?

चिन्हाचे मूल्य चिन्हाच्या ठायी स्वयंसिद्ध नसून शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदातून ते सिद्ध होते, हा सोस्यूरचा सिद्धांत सुपरिचित आहे. मराठीतील ‘नऊवारी’ हे विशेषण पाहावे. सहावारी व पाचवारी ही वस्त्रे शेजारी नसतील, तर त्यास काही प्रयोजनच उरत नाही. वेशाविषयीही हेच म्हणता येते.

सँ लोराँ यांनी १९६६ साली पुरुषांचा सायंकालीन समारंभाचा काळा कोट व विजार हा पोषाख स्त्रियांसाठी सिद्ध केला. स्त्रीवेश व पुरुषवेश यांतील तत्कालीन विरोध हाच त्याचा अर्थ होता. आज स्त्रियांनी विजार वापरणे सर्वसामान्य झाले असल्याने तो विरोध बोथट झाला आहे. परिणामी, काचेआड ठेवलेला तोच पोषाख प्रेक्षकास केवळ सुबक शिवणीचा नमुना वाटण्याचा संभव आहे. येथे रूप टिकले आहे. अर्थ मात्र झिजला आहे.

१९७१ च्या वस्त्रमालिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. रुंद खांदे, आखूड झगे व जाड तळव्यांची पादत्राणे हा १९४० नंतरच्या युद्धकालीन वर्षांचा वेश तीत पुन्हा अवतरला. ज्यांनी जर्मन अंमलाखालील पॅरिस अनुभवले होते, त्यांना ती जखमेवरची खपली काढल्यासारखी वाटली आणि वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. ज्यांना त्या दिवसांची स्मृती नव्हती, त्या तरुण पिढीला तोच वेश नावीन्यपूर्ण भासला. चिन्ह एकच, परंतु ग्रहण करणाऱ्यांच्या स्मृतीनुसार अर्थ दोन झाले.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्रांऐवजी नियतकालिकांतील वस्त्रवर्णनांचा अभ्यास केला, तो याच दृष्टीने उद्बोधक ठरतो. वस्त्राला फॅशनचा अर्थ बहुधा शब्द देतात. संग्रहालयात हे कार्य वस्तूशेजारील टीप व मांडणी यांच्याकडे येते. पुसले गेलेले विरोध पुन्हा उभे करणे हे त्यांचे कर्तव्य होय. जुन्या शब्दाचा अर्थ देताना कोशकारासही हेच करावे लागते.

या कसोटीवर प्रदर्शनाचा कर्ता हितसंबंधी आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न निर्णायक ठरत नाही. सँ लोराँ यांच्या नावाच्या प्रतिष्ठानानेच २०१५ साली पॅरिसमध्ये १९७१ च्या त्या मालिकेचे प्रदर्शन भरविले आणि तिच्यावरून उठलेल्या गदारोळाचा उल्लेख शीर्षकातच केला. उलटपक्षी, सर्वस्वी निःस्वार्थ संस्थेनेही केवळ यशाची मालिका मांडली, तर वस्त्रे सुरक्षित राहतील. पण ती ज्यांच्याशी वाद घालीत होती ते प्रतिपक्ष नाहीसे होतील, आणि त्यांच्याबरोबर वस्त्रांचा अर्थही.