खारपाणातले माझे आजोबा

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. पूर्णेकाठचा भाग खारपाणाचा. हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय. विहिरीला पाणी लागतं, पण खारं. पिण्याच्या कामाचं नाही आणि पिकाला दिलं तर जमीनच बिघडते.

अशा रानात आजोबांनी जन्मभर कोरडवाहू कपाशी केली. बोलणं अगदी मोजकं. मृगाआधी वखराच्या पाळ्या, मग तिफण आणि पीक उगवलं की डवरणी. ती त्यांनी कधी चुकवली नाही. काळी माती वाळली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. डवऱ्यानं वरची माती मोकळी झाली की भेगा बुजतात. हे त्यांनी मला रुमण्यावर हात ठेवायला लावून शिकवलं.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस सरकारच विकत घेई. त्या खरेदीतून कापसाचा चुकारा, म्हणजे पैसे, हाती आला की आधी लेकरांच्या शाळेचा खर्च, मग आजीला लुगडं. स्वतःचं धोतर मात्र दंड घातलेलंच. माझ्या लेखी खारपाणातली शेती अशाच अबोल माणसांनी टिकवली.

घरात असे आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्यांची शेतीची रीत विचारा आणि आजच लिहून ठेवा.