बाळू पालवणकर : चेंडू फिरवणारा गडी

आपल्या केळशीच्या किनाऱ्यावर पोरं क्रिकेट खेळतात, ते आपण सारेच बघतो. या खेळात आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे नाव फार पूर्वी विलायतेपर्यंत गेले. ते नेणाऱ्या गड्याचे नाव बाळू पालवणकर. आडनावावरून मूळ गाव कळतेच : पालवण. आज आपण त्यांची हकिकत वाचू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे चर्मकार समाजाचे. वडील लष्करात नोकरीला होते. त्या काळी या समाजाला शिवून घेत नसत. विहिरीवर पाणी मिळायचे नाही, देवळात पाऊल टाकता यायचे नाही. मग खेळाच्या मैदानावर तरी कोण उभे करणार?

मैदानावरची चाकरी

पुण्यात पारशी लोकांचा क्रिकेट क्लब होता. तिथे बाळूंना काम मिळाले. मैदान झाडायचे, रूळ फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे साहेब लोकांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तिथे झाडलोट होतीच, पण आणखी एक काम आले. साहेबांना फलंदाजीचा सराव हवा असे. त्यासाठी बाळूंनी तासन् तास चेंडू टाकायचे.

ग्रेग नावाचे साहेब मोठे फलंदाज होते. बाळूंनी त्यांना बाद केले की ते दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. आठ आणे मिळाले खरे, पण बॅट कोणी हातात दिली नाही. गड्याने चेंडू टाकावा, फलंदाजी साहेबाने करावी, अशी तिथली रीत!

चेंडू वळतो कसा?

बाळू डाव्या हाताने संथ चेंडू टाकत. संथ म्हणजे सोपा नव्हे. चेंडू सोडताना बोटांनी त्याला पीळ द्यायचा. भोवरा फिरतो तसा तो हवेतून फिरत येतो. जमिनीवर टप्पा पडला की तो सरळ जात नाही, बाजूला वळतो. फलंदाज एकीकडे बॅट घालतो, चेंडू दुसरीकडून जातो. टप्पा मात्र नेमका हवा. तो रोजच्या मेहनतीनेच साधतो.

चेंडू एक, पेले वेगळे

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते. बाळूंवाचून ते जमणार नव्हते. काही जणांनी कुरकुर केली, पण शेवटी बाळूंना संघात घेतले. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हाती जाई. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर बसवत, आणि मातीच्या पेल्यात चहा देत. जेवणही वेगळे. हातातली कला चालली, हात चालला नाही!

पुढे बाळू मुंबईस गेले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते, त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही होते.

विलायतेचा दौरा

१९११ साली साऱ्या हिंदुस्थानचा पहिला संघ विलायतेला निघाला. पतियाळाचे महाराज कप्तान होते. संघात हिंदू, मुसलमान, पारशी, शीख सगळे होते. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे होते. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी दौऱ्यात ११४ गडी बाद केले. ज्या साहेब लोकांच्या क्लबात रूळ ओढला, त्यांच्याच मुलुखात त्यांच्या फलंदाजांना त्यांनी माघारी धाडले.

तरीही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना मिळाले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनीही खेळायला नकार दिला. भावाचा अपमान तो आपला अपमान, असे त्यांनी मानले. ही गोष्ट लोकांना विचार करायला लावणारी ठरली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. थोरल्याला जे नाकारले, ते धाकट्याला द्यावे लागले.

बाळू ३३ मोठे सामने खेळले आणि त्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. तेव्हा त्यांचे खेळण्याचे वय उलटून गेले होते. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि थोडक्या मतांनी हरले. १९५५ साली ते वारले.

मंडळी, चेंडूला जात कळत नाही. तो चांगल्या हातातून सुटला की वळतोच. वळायचे राहते ते माणसांचे मन. आपल्या गावात एखाद्याच्या अंगी गुण आहे, पण त्याला वेगळ्या पेल्यात चहा मिळतो, असे तर होत नाही ना? वाचून झाल्यावर आपण सगळ्यांनी मिळून याचा विचार करू.