पंचनाम्याच्या आधी

विदर्भात शेतकऱ्याने आत्महत्या केली की पटवारी येतो, पंचनामा होतो, सातबारा मागवला जातो. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तर घरच्यांना एक लाख मिळतात : ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. २००६ पासूनची ही पद्धत. तिला एकच कारण दिसते, कर्ज.

बटईने शेती करणारा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई या चौकटीत सहसा बसत नाहीत. २०२१ च्या राष्ट्रीय नोंदीत शेतीक्षेत्रातल्या आत्महत्या १०,८८१ होत्या. गृहिणींच्या २३,१७९ आणि रोजंदारीवरच्यांच्या ४२,००४. कर्ज खरेच असते, पण एकटे नसते. पडलेला भाव, दारू, घरातली मारहाण, आजारपण, लोकांत तोंड दाखवायची लाज, हे एकात एक गुंतत जाते. त्यात माणूस बोलायचा थांबला की धोका वाढतो.

तो थांबण्याआधी गाठायचा कसा? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पाने हे करून पाहिले. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था त्यामागे होती. पहिली पायरी गावातलाच प्रशिक्षित कार्यकर्ता. तो झोप लागते का, जेवण जाते का, वावरात मन लागते का, असे विचारतो. उत्तरे बरी वाटली नाहीत तर थेट विचारायचे : जीव द्यावासा वाटतो का? अशा विचारण्याने डोक्यात तसले येते, ही भीती निराधार आहे. उलट बहुतेकांना हलके वाटते. पुढची पायरी समुपदेशक. तो उपदेश करत नाही, सुटलेली छोटी कामे पुन्हा हाती घ्यायला लावतो, अडचणी एकेक करून सोडवायला बसतो. आजार जास्त असेल तरच मानसोपचारतज्ज्ञ. तज्ज्ञ मोजके, म्हणून ही उतरंड.

नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावे घेतली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पालाच द्यायला मी तयार नाही. तरी पहिला आकडा पुरेसा बोलका आहे.

दुसरी वाट श्रीलंकेची. तिथे १९९५ पासून शेतीतली अतिविषारी औषधे टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली गेली. पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, पीक मात्र घटले नाही. टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते; तेवढ्या वेळात जीवघेणे साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. वाचलेल्यांतले बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. आपल्याकडे या वाटेची चर्चा फारच कमी होते, याचे मला नवल वाटते.

२०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. १४४१६ वर रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आधी समुपदेशक ऐकून घेतो, गरज पडली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. स्वतःसाठीच करावा असे नाही. दादा आठ दिवसांपासून कुणाशी बोलत नाही, काय करू, हे विचारायलाही हाच नंबर.