कान तयार होताना (१४) : तबकडीचा वेग

भूप आणि देशकार आज घेणार होतो, पण ते पुढच्या रविवारवर ढकलतो. कारण नाशिकच्या एका वाचकांनी यूट्यूबवरच्या दोन लिंक पाठवल्या आहेत. ठुमरीची एकच जुनी तबकडी, दोघांनी चढवलेली. एकीत काळी एक, दुसरीत पांढरी दोन. ते विचारतात, "खरी कुठली मानायची? व्ह्यूज तर चढ्या पट्टीला जास्त आहेत."

व्ह्यूज राहू द्या बाजूला. ७८ फेऱ्यांचं माप पक्कं झालं ते मागाहून. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग पुष्कळ मागेपुढे होई. ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी आज कुणी ७८वर वाजवली, की काळी एकची जवळजवळ पांढरी दोन होते आणि तीन मिनिटांची चीज नऊ-दहा सेकंद आधीच संपते. तान चपळ वाटते, आवाज कोवळा वाटतो. खाली 'काय ती तयारी!' असे शेरे पडतात. त्यातली थोडी तयारी यंत्राची असते.

मग ओळखायचं कसं? साथीला पेटी असेल तर सा कुठे पडतो ते बघावं. दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला तर संशय घ्यावा; निकाल मात्र देऊ नये, कारण जुन्या पेट्या आजच्या मापाला जुळलेल्या असतीलच असं नाही. यूट्यूबवर वेग कमी करून काही साधत नाही. तिथे लय उतरते, सूर जागीच राहतो. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दोन्ही एकदम उतरवतं. पाच टक्के उतरवून ऐका.

माझी सगळ्यात आवडती कसोटी वेगळीच आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान गायल्या, तेव्हापासूनच्या कितीतरी तबकड्यांच्या शेवटी कलावंत आपलं नाव सांगतात. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं, म्हणून ही सोय. गाताना आवाज हवा तसा लावता येतो, पण नाव सांगताना माणूस साधं बोलतो, आणि बोलण्यातला बिघडलेला वेग कुणाच्याही कानाला खटकतो. आपल्या चढ्या लिंकमध्ये प्रौढ गायिका नाव सांगते ती शाळकरी मुलीच्या आवाजात! तेव्हा माझं मत उतरत्या प्रतीला.

दिवसाला पन्नास लिंक ऐकणाऱ्याच्या हे ध्यानात यायचं नाही. त्या दोन प्रती चार वेळा आलटूनपालटून ऐकणाऱ्याला कुणी सांगावंही लागत नाही. म्हणून या आठवड्यात नवीन काही शोधू नका. आवडीच्या एकाच तबकडीच्या दोन प्रती मिळवा आणि शेवटपर्यंत ऐका. मला लिंक पाठवाल तेव्हा लेबलवरचा क्रमांक दिसत असेल, तर तोही जरूर कळवा.