कुत्र्या-मांजरांचे दंतारोग्य

कुत्रा व मांजर या पाळीव प्राण्यांचे दात, हिरड्या आणि दातांना जबड्यात धरून ठेवणारी ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचे समूह) निरोगी राखण्याच्या उपायांचा यात अंतर्भाव होतो. हे दोन्ही प्राणी मांसाहारी गणातील असून त्यांचे दात भक्ष्य पकडणे, फाडणे व कातरणे यांसाठी घडलेले आहेत. दात दुखत असला तरी बहुतेक प्राणी खाणे सोडत नाहीत. घास न चावताच गिळतात. त्यामुळे ‘खातो आहे, म्हणजे तोंड ठीक आहे’ हा मालकाचा समज फसवा ठरतो व रोग लक्षात येतो तेव्हा अनेकदा दात वाचविण्याची वेळ टळून गेलेली असते.

दंतरचना : जन्मतः पिलाला दात नसतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. ते कुत्र्यात २८ व मांजरात २६ असतात. कुत्र्याचे कायमचे दात ४२ (पटाशीचे १२, सुळे ४, उपदाढा १६, दाढा १०) असून ते सुमारे सातव्या महिन्यापर्यंत पूर्ण होतात. मांजरात ते ३० असतात व सहाव्या महिन्यापर्यंत येतात. वरची चौथी उपदाढ व खालची पहिली दाढ एकमेकींवरून कात्रीच्या पात्यांप्रमाणे सरकतात. मांस कापण्याचे मुख्य काम याच जोडीचे. लहान चणीच्या जातींत दुधाचा सुळा न पडता कायमच्या सुळ्याशेजारी तसाच राहतो. दोहोंच्या फटीत अन्न अडकते व नवा दात वाकडा येतो, म्हणून असा दुधाचा दात वेळीच काढून टाकावा लागतो.

परिदंत रोग : दाताभोवतालच्या ऊतकांचा हा रोग सर्वांत जास्त आढळणारा होय. माणसाप्रमाणे दात किडण्याचे प्रमाण कुत्र्यात अल्प व मांजरात त्याहून कमी असते. कुत्र्याची लाळ अधिक क्षारीय (अल्कधर्मी) असल्याने कीड रोखली जाते. परंतु त्याच गुणामुळे लाळेतील खनिजे दातावर लवकर साचतात. स्वच्छ केलेल्या दातावर काही तासांतच जिवाणूंचा चिकट थर (प्लाक) बसू लागतो. तो घासून काढला नाही, तर थोड्याच दिवसांत त्याचे टणक, पिवळट-तपकिरी कीटण बनते व ते ब्रशने निघत नाही. कीटण डोळ्यांत भरते, परंतु खरा अपाय हिरडीच्या कडेखाली शिरलेला जिवाणूंचा थर करतो. प्रथम हिरडीला शोथ (दाहयुक्त सूज) येतो. ती लाल होते व तिच्यातून सहज रक्त येते. ही अवस्था पूर्णपणे बरी होऊ शकते. शोथ खोलवर गेला म्हणजे दाताला बांधून ठेवणारे तंतू व हाड झिजते, दात हलू लागतो आणि गेलेले हाड सहसा परत येत नाही.

या दोन अवस्थांमधील सीमारेषा ओलांडली जाऊ नये, हाच दंतनिगेचा सारा हेतू आहे. स्वीडनमधील यान लिंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार वर्षांच्या प्रयोगात नियमित दात घासलेल्या बीगल कुत्र्यांच्या हिरड्या निरोगी राहिल्या, तर न घासलेल्या गटात शोथ होऊन बहुतेकांच्या दातांचा आधार झिजला. हा प्रयोग माणसाच्या रोगाचा उलगडा व्हावा म्हणून केलेला होता. त्याचा लाभ कुत्र्यांनाही झाला.

लहान जातींत दात दाटीने बसलेले व जबड्याचे हाड पातळ असल्याने हा रोग लवकर व तीव्र होतो. वरच्या सुळ्याच्या मुळाशी हाड झिजून तोंड व नाक यांमध्ये छिद्र पडते व शिंकांबरोबर नाकातून स्राव येतो. खालचा जबडा इतका कमकुवत होतो की, किरकोळ आघातानेही तो मोडतो. हृदय, यकृत व मूत्रपिंडे यांतील विकृतींशी परिदंत रोगाचा संबंध आढळला आहे, मात्र एक दुसऱ्याचे कारण आहे असे सिद्ध झालेले नाही.

मांजरातील विशेष रोग : मांजरात दंतशोषण नावाची विकृती पुष्कळ आढळते. शरीरातील पेशीच दाताचे कठीण ऊतक विरघळवितात. आरंभ बहुधा हिरडीलगत होतो व खड्ड्यावर हिरडी वाढल्याने तो झाकला जातो. स्पर्श होताच मांजराचा जबडा थरथरतो. ही कीड नव्हे व तिचे कारण अज्ञात आहे. खड्डा भरून उपयोग होत नाही. क्ष-किरण चित्र पाहून दात काढणे हाच उपाय होय. तोंडाच्या मागील भागास होणाऱ्या चिवट शोथात कॅलिसी व्हायरसाचा संबंध अनेकदा दिसतो. त्यात सर्व किंवा बहुतेक दात काढावे लागतात. हा उपाय क्रूर वाटतो, परंतु दात नसलेली मांजरे मऊ अन्न उत्तम खातात आणि बहुसंख्य मांजरांच्या वेदना थांबतात किंवा पुष्कळ कमी होतात.

निगा : रोज एकदा मऊ ब्रशने दातांची गालाकडील बाजू व हिरडीची कड घासणे, याच्या तोडीचा दुसरा घरगुती उपाय नाही. पिलाला आधी ओठ उचलण्याची, मग बोटाला गुंडाळलेल्या फडक्याची व शेवटी ब्रशची सवय लावतात. माणसाची पेस्ट वापरू नये. प्राणी ती गिळतात व काहींत असलेले झायलिटॉल कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरविते. आपल्याकडे दातदुखीवर लवंगाचे तेल लावण्याची रीत आहे. मांजराच्या यकृताला त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा नीट करता येत नसल्याने हे तेल मांजरास विषारी ठरते. चघळण्याचे पदार्थ व विशेष आहार यांची मदत होते, पण सर्वच दावे खरे नसतात. अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेली पशुवैद्यकीय मुखारोग्य परिषद अशा उत्पादनांच्या चाचण्या तपासून मान्यतेची मुद्रा देते. हाडाने दात स्वच्छ होतात या समजुतीपायी मोठी किंमत मोजावी लागते. टणक हाडाने वरच्या चौथ्या उपदाढेचा कपचा उडतो, दंतगर उघडा पडतो व कालांतराने डोळ्याखाली गळू येते. शिजविलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या अन्नमार्गास इजा करतात.

कीटण जमल्यावर पशुवैद्याकडून दात स्वच्छ करवून घ्यावे लागतात. संपूर्ण शुद्धिहरण करून श्वासनलिकेत नळी बसवितात, म्हणजे पाणी व कचरा फुप्फुसात जात नाही. श्राव्यातीत तरंगांच्या उपकरणाने हिरडीवरील व हिरडीखालील कीटण काढून प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजतात (कुत्र्यात ३ मिमी. व मांजरात १ मिमी.पर्यंत ती प्राकृत समजतात) आणि शेवटी दाताला झिलई देतात. प्राणी शुद्धीवर असताना केलेल्या खरवडण्याने दात पांढरे दिसतात, हिरडीखालचा रोग तसाच राहतो. म्हातारपण हे शुद्धिहरण नाकारण्याचे कारण नव्हे. रक्त व हृदय यांची तपासणी मात्र आधी हवी. केवळ प्रतिजैव औषधे देऊन हा रोग बरा होत नाही.

लाळ गळणे, जबडा लोंबणे व गिळता न येणे ही लक्षणे दिसताच ‘घशात हाड अडकले’ असे समजून घरची माणसे तोंडात हात घालतात. भारतात अशा कुत्र्याला, विशेषतः त्याचे लसीकरण झालेले नसेल तर, अलर्क रोगाच्या (पिसाळ रोगाच्या) मूक प्रकाराची बाधा असण्याची शक्यता आधी ध्यानात घ्यावी लागते. चावा न घेताही अशा प्राण्याची लाळ खरचटलेल्या कातडीस, डोळ्यास किंवा तोंडास लागल्याने रोग होऊ शकतो व लक्षणे सुरू झाल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. हात घातला गेलाच, तर कातडी साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे आणि डोळे नुसत्या स्वच्छ पाण्याने धुवून त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन प्रतिबंधक उपचार सुरू करतात.