जात्यावरचा दस्तऐवज

पीठगिरण्या गावोगाव पोचल्या आणि पहाटेचं जातं थांबलं. त्याबरोबर दळताना बाया गात त्या ओव्याही गेल्या असत्या. पण १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या समाज अभ्यासकांनी पुण्यातून त्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. संग्रह लाखावर ओव्यांचा झाला. २०१७ पासून तो ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुला आहे.

या संग्रहात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचेही आवाज आहेत. संत कवयित्री जनाबाईंचं गंगाखेड याच जिल्ह्यातलं, तेव्हा ओवीचं इथलं नातं जुनंच.

जनगणना बाईचं वय आणि शिक्षण नोंदवते. सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकीची काळजी, बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता मात्र ओवीतच सापडते, तीही तिच्याच शब्दांत. मराठवाड्यातल्या कष्टकरी बाईचा इतिहास लिहायचा तर हा पुरावा टाळून चालणार नाही.

घरात ओव्या येणारी आजी असेल, तर मोबाइलवर आजच ध्वनिमुद्रण करा. तिची संमती घ्या, गाव आणि तारीख नोंदवा.