सोनपेठच्या पाण्यात सरकारचा वाटा

मासेमारीला सरकारी मदत म्हटले की डोळ्यांपुढे येतो ससून डॉक, नाहीतर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातले ट्रॉलर. परभणी जिल्ह्यातले सोनपेठ तिथून शेकडो किलोमीटर आत आहे. पण तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते, खडक्याला तिच्यावर बंधारा आहे, आणि मराठवाड्यातल्या अशा नदीकाठांवर भोई समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगत आली आहेत. सरकारी योजनांच्या लेखी तीही मच्छीमारच आहेत.

अडचण पाण्याची आहे. खडका बंधाऱ्याचे पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, आणि 2013च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली पावसाळ्यात सोडली की विक्रीजोगी व्हायला आठ-दहा महिने लागतात. मासा भरात येतो तेव्हा उन्हाळ्याने पाणी आटत आलेले असते.

या व्यवसायासाठी केंद्राने सप्टेंबर 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू केली. गुंतवणूक 20,050 कोटी रुपयांची. मुदत आधी 2024-25 पर्यंत होती, ती पुढे वर्षभराने वाढली. ठरवून दिलेल्या खर्चाच्या 40 टक्के अनुदान सर्वसाधारण गटाला आणि 60 टक्के महिला, अनुसूचित जाती व जमातींना मिळते. या अनुदानात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40.

योजनेतल्या मोठ्या बाबींची चर्चा फार होते. बायोफ्लॉक म्हणजे टाक्यांत दाटीने मासे वाढवण्याची पद्धत; तिच्या सात टाक्यांचा खर्च साडेसात लाख रुपये धरला आहे. पण त्या टाक्यांत रात्रंदिवस हवा सोडावी लागते. काही तास वीज गेली आणि जनरेटर नसला तर प्राणवायू संपून सगळा माल मरतो. ग्रामीण भागातल्या विजेच्या भरवशावर लहान माणसाने एवढी जोखीम घेऊ नये.

त्यापेक्षा बर्फपेटीसह मोटारसायकल पाहा. तिचा खर्च 75,000 रुपये धरला आहे, म्हणजे अनुदान 30,000 आणि महिलेच्या नावावर असेल तर 45,000. मराठवाड्याच्या मे महिन्यात मासळी दुपारपर्यंतही टिकत नाही. बर्फ नसला की व्यापारी सांगेल त्या भावात सकाळीच माल द्यावा लागतो. पेटी असली की तोच माल गंगाखेड, परळीच्या बाजारापर्यंत नेता येतो. ही छोटी बाब गोदाकाठच्या कुटुंबाला टाक्यांपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

दुसरी अडचण पैशाच्या क्रमाची. अनुदान बहुतेक काम झाल्यावर आणि पाहणी झाल्यावर खात्यात येते. आधीचा खर्च स्वतःचा किंवा बँकेचा. ज्याच्याकडे जमीन नाही, तळे नाही, तलावाचा ठेकाही मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावावर, तो बँकेत काय दाखवणार? म्हणून किसान क्रेडिट कार्ड महत्त्वाचे. 2018-19 पासून ते मच्छीमारांनाही खुले झाले. वेळेवर परतफेड केली तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत व्याज 4 टक्के पडते, आणि जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 22 एप्रिल 2025 रोजी मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. वीजदर, कर्ज आणि विम्यात शेतकऱ्यासारखी वागणूक मिळावी, हा त्यामागचा हेतू.

जगात मात्र मासेमारीच्या अनुदानावर टीका होते, आणि ती रास्त आहे. स्वस्त डिझेलवर मोठ्या बोटी समुद्र उपसतात. बेकायदा मासेमारीला आणि घटत चाललेल्या मत्स्यसाठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान देण्यावर बंदी घालणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार जून 2022 मध्ये जिनिव्हात झाला व सप्टेंबर 2025 मध्ये लागू झाला. त्या वाटाघाटीत भारताने सांगितले होते, की आपण एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला सुमारे 15 डॉलर देतो, तर काही देश 42,000 ते 75,000 डॉलर. शिवाय तळ्यात बोटुकली सोडायला दिलेला पैसा मासा वाढवतो. त्याला समुद्र उपसणाऱ्या अनुदानाच्या रांगेत बसवणे चुकीचे आहे.

मत्स्य संपदा योजनेत अपघात विमाही आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास अडीच लाख, दवाखान्यासाठी 25,000 रुपये. हप्ता केंद्र आणि राज्य भरतात, मच्छीमाराला एक रुपयाही पडत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांच्या अध्यक्ष-सचिवांनी टाक्यांच्या प्रस्तावांआधी प्रत्येक सभासदाचे नाव या विम्यात आहे का, हे परभणीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन तपासावे.